शब्द तपासणारं टूल: ठेवा, पण ऑटोफिक्स बंद करून

कुणाला खटकतील किंवा वगळतील असे शब्द शोधणारं हे टूल आमच्या डॉक्सवर, म्हणजे सॉफ्टवेअरच्या मदतपानांवर, सहा महिने चालवतोय. पुल रिक्वेस्ट (केलेला बदल मंजुरीसाठी) टाकली की 'ब्लॅकलिस्ट', 'मास्टर-स्लेव्ह', 'सॅनिटी चेक', 'डमी' असले शब्द धरतं आणि पर्याय सुचवतं; ऑटोफिक्स चालू असेल तर स्वतःच बदलतं. नाव मुद्दाम लिहीत नाही, आत एक शब्दांची यादी आणि बाहेर लाल खुणा, एवढाच प्रकार आहे.

आधी चांगलं सांगतो. 'ब्लॅकलिस्ट'ऐवजी 'ब्लॉकलिस्ट' लिहायला लागल्यावर मला खरंच पटलं, नवीन माणसाला काळी यादी म्हणजे नक्की काय हे समजावत बसावं लागत नाही, ब्लॉक म्हणजे ब्लॉक. 'स्लेव्ह'ऐवजी 'रेप्लिका' (डेटाबेसची प्रत), त्याचंही तेच, काम नावातच आलं. टीममधले दोघं "हे काय नवीन खूळ" म्हणून तावातावाने भांडले, पण नवीन कसलं, जँगो या वेब फ्रेमवर्कने 'मास्टर-स्लेव्ह' 2014 मध्येच बदललंय आणि कोड ठेवायच्या गिटहबवर नवीन रेपोची मुख्य ब्रँच ऑक्टोबर 2020 पासून 'मास्टर'ऐवजी 'मेन' आहे.

आता वैताग. आमच्या एका जुन्या पानावर मायएसक्यूएल या डेटाबेसच्या 5.7 व्हर्जनसाठी 'शो स्लेव्ह स्टेटस' कमांड होती, ऑटोफिक्सने कोड ब्लॉकमध्ये घुसून तिचं 'शो रेप्लिका स्टेटस' केलं, मीच डोळे झाकून अप्रूव्ह केलं आणि दुसऱ्या दिवशी सपोर्टला तिकीट, कमांड टाकली की सिंटॅक्स एरर! येणारच, ती नवी कमांड आलीये 8.0.22 व्हर्जनपासून. आणि गंमत म्हणजे 8.4 मध्ये जुनी कमांड काढूनच टाकलीये, म्हणजे तिथे टूल बरोबर. शेवटी दोन टॅब केले, व्हर्जनप्रमाणे. 'किल'वरही हे ओरडतं, अरे युनिक्समध्ये कमांडचं नावच ते आहे, वाक्यात "प्रोसेस थांबवा" लिहीन पण कमांड कशी बदलू?

पण खरा घोळ मराठी हेल्प पेजेसवर. रिपोर्ट स्वच्छ, शून्य चुका, आणि पानभर "युझर लॉगिन करतो, मग तो पासवर्ड टाकतो". इंग्रजी पानावर 'ही' (he) दिसला की 'दे' (they) सुचवणारं टूल इथे एकदम गप्प, कारण आपल्याकडे लिंग क्रियापदात पण बसलंय, शब्दांच्या यादीत ते कुठून सापडणार. "करतो/करते" करून बघितलं, तिसऱ्या ओळीत वाचवेना. मग सरळ "लॉगिन करा, पासवर्ड टाका" केलं, सूचना तशाही अशाच लिहायला हव्या होत्या. भूतकाळात तर बऱ्याचदा सोपंच, "पासवर्ड चुकीचा टाकला" यात टाकणारा कोण ते कळतच नाही.

पाचपैकी तीन स्टार. कोड ब्लॉक वगळा आणि एररऐवजी वॉर्निंग ठेवा, नाहीतर लोक बिल्ड हिरवा करायला, म्हणजे तपासणी पास व्हायला, काहीही लिहितात, आमच्या एकाने 'सॅनिटी चेक'चं 'चेक चेक' करून ठेवलं होतं आणि टूलने ते पास केलं.