अ‍ॅडालिमुमॅबची सिरिंज: सावद्याच्या केळीवाल्याचा दीड वर्षाचा हिशेब

आधी भाव सांगून टाकतो. औषध नवती, सिरिंज पिलबाग आणि ते घरपोच पाठवणारं दुकान वापसी. खानदेशाबाहेरच्या मंडळींसाठी: नवती म्हणजे पहिल्या लागवडीचा, चढ्या भावाचा माल, पिलबाग म्हणजे त्याच झाडाच्या पिलाचा, जरा उतरत्या भावाचा, आणि वापसी म्हणजे व्यापारी घड बघून नुसतीच मान हलवतो तो.

माझं सावद्याला केळी पिकवायचं चेंबर आहे. वय ४१. आजार अँकिलोझिंग स्पॉन्डिलायटिस, डॉक्टर लोक एएस म्हणतात. पाठीचा मणका खालून आखडत वर येतो. सहा वर्षं मला सगळ्यांनी 'मणक्यात गॅप' सांगितला. पट्टा बांधला, तेल लावलं, एका हाडवैद्याने पाठीवर पाय देऊन उभं राहून पाहिलं. सगळ्यांचा सल्ला एकच, आराम करा. आणि आराम केला की मी मरायचो. पहाटे तीनला कंबर जागी करायची, अंगणात अर्धा तास चकरा मारल्या की सुटायची. चालल्याने बरं आणि झोपल्याने वाईट, ही या आजाराची खूणच आहे, हे मला नाशिकच्या संधिवाताच्या डॉक्टरांनी पहिल्या दहा मिनिटांत सांगितलं. मग एमआरआय, एचएलए-बी२७ या जनुकाची तपासणी, आणि सीआरपी, म्हणजे अंगातली सूज दाखवणारी रक्ताची चाचणी. सीआरपी ३८ आला, म्हणजे सूज भरपूर. पुढे वेदनाशामक गोळ्या बदलून बदलून झाल्या, पोट बिघडलं, आणि शेवटी हे अ‍ॅडालिमुमॅबचं इंजेक्शन निघालं.

डॉक्टर म्हणाले, "तुमच्या शरीरात टीएनएफ नावाचं सायटोकाइन जास्त बोलतंय. हे इंजेक्शन त्याचं तोंड धरतं."

मी विचारलं, सायटोकाइन म्हणजे? ते म्हणाले, पेशींनी एकमेकींना पाठवलेला निरोप. छोटी प्रथिनं असतात. एक पेशी सोडते, शेजारची वाचते आणि कामाला लागते. रक्तात ती इतकी कमी असतात की पिकोग्रॅममध्ये मोजावी लागतात. पिकोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा लाख कोटीवा हिस्सा.

एवढंसं काही असून माझी पाठ लाकडाची करतं, हे दुसऱ्या कुणाला पटलं नसतं. मला पटलं. माझा धंदाच तो आहे. चेंबरमध्ये १६ ते १८ अंशांवर कच्ची केळी भरतो आणि इथिलीन हा पिकवणारा वायू सोडतो, फक्त १०० पीपीएम, म्हणजे दहा लाख भाग हवेत शंभर भाग. वास येत नाही, दिसत नाही. चोवीस तासांत केळी तो निरोप घेतात आणि मग स्वतःच इथिलीन सोडायला लागतात. एका फणीने दुसरीला सांगितलं, दुसरीने तिसरीला, की आतला माल स्वतः गरम होऊ लागतो. त्या वेळी दार उघडून हवा बदलली नाही, थंडावा वाढवला नाही, तर सगळं चेंबर एकदम पिकून हातात येतं. मी हे सांगितलं तेव्हा डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. म्हणाले, करोनात ज्याला सायटोकाइनचं वादळ म्हणत होते, ते साधारण असंच समजा.

२०२१ च्या एप्रिलमध्ये आमच्या चुलत्यांसाठी टोसिलिझुमॅब शोधत मी भुसावळ, जळगाव, बुऱ्हाणपूर पालथं घातलं होतं, मिळालं नव्हतं. ते इंटरल्युकिन-६ या दुसऱ्या सायटोकाइनचा निरोप अडवणारं औषध, हे मला त्या दिवशी कळलं. रिपोर्टमधला सीआरपीही यकृत याच इंटरल्युकिन-६ च्या सांगण्यावरून बनवतं. म्हणजे सीआरपी हा धूर, आग दुसरीकडे. बाकी ताप येतो, अंग मोडून येतं, भूक जाते, त्यामागेही हीच मंडळी. तेव्हा सायटोकाइन म्हणजे विष, असं समजू नका. ती नसती तर साध्या जखमेनेही आपला निकाल लागला असता.

टीएनएफचं पूर्ण नाव ट्यूमर नेक्रोसिस फॅक्टर. पत्रकावर ते वाचून आमच्या सौभाग्यवतींनी मला बाजूला घेतलं, "खरं सांगा, कॅन्सरचं तर नाही ना?" नाही. १९७५ मध्ये न्यूयॉर्कच्या संशोधकांना उंदरांच्या गाठी मारणारा पदार्थ सापडला, त्याला त्यांनी हे नाव दिलं, तेच चिकटलं. संधिवातात याचाच हात मोठा आहे हे लंडनच्या मार्क फेल्डमन आणि रवींद्र मैनी यांनी दाखवलं. १९९२ मध्ये तिथल्या चेरिंग क्रॉस रुग्णालयात आमवाताच्या रुग्णांना पहिल्यांदा टीएनएफ अडवणारी प्रतिपिंडं दिली. मैनी मूळचे लुधियानाचे. ही गोष्ट मी आईला मुद्दाम सांगितली, कारण परदेशी औषधावर तिचा विश्वास नाही.

माझं इंजेक्शन मूळ कंपनीचं नाही, बायोसिमिलर आहे, म्हणजे दुसऱ्या कंपनीने बनवलेलं जवळजवळ तसंच औषध. याला जेनेरिक म्हणू नका, डॉक्टर रागावतात. साधी गोळी रसायनातून बनते, तिची हुबेहूब नक्कल होते. हे तेराशे तीस अमिनो आम्लांचं प्रथिन, हॅमस्टरच्या पेशी वाढवून त्यांच्याकडून बनवून घेतात. जिवंत पेशीचं काम आलं की हुबेहूब हा शब्द संपतो. टिश्यू कल्चरची जी-नाइन जातीची केळीची रोपं एकाच आईची, तरी रावेरच्या आणि चोपड्याच्या घडात फरक दिसतोच ना, तसं. फरक उपचाराला बाधत नाही, हे सिद्ध करूनच परवानगी मिळते. मूळ औषधाला अमेरिकेत २००२ च्या शेवटच्या दिवशी मान्यता मिळाली, आणि त्याचं जगातलं पहिलं बायोसिमिलर आपल्याकडे निघालं, डिसेंबर २०१४ मध्ये, अहमदाबादच्या झायडसचं. माझं दुसऱ्या कंपनीचं आहे, नाव लिहीत नाही. खर्चाचं विचाराल तर महिन्याच्या दोन सिरिंजा म्हणजे माझ्या दोन पोऱ्यांच्या पगारापेक्षा जास्त. स्वस्त म्हणणारा मूळ औषधाशी तुलना करून म्हणतो.

पहिलं इंजेक्शन मिळायला दीड महिना लागला आणि त्याचा मला तेव्हा फार राग आला होता. कारण टीबीची तपासणी. छातीचा एक्स-रे काढला, मग इग्रा नावाची रक्ताची चाचणी. या चाचणीत तुमचं रक्त टीबीच्या जंतूचे तुकडे असलेल्या नळीत ठेवतात. तुमच्या पेशींनी तो जंतू पूर्वी पाहिला असेल तर त्या ओळख पटून इंटरफेरॉन-गॅमा सोडतात आणि लॅबवाले तेच मोजतात. म्हणजे सायटोकाइनलाच साक्षीला उभं करतात. माझी साक्ष विरुद्ध गेली, पॉझिटिव्ह. मला खोकला नाही, ताप नाही, एक्स-रे साफ. "मग कशाला गोळ्या?" म्हणून मी वाद घातला.

डॉक्टरांनी कागदावर गोल काढला. म्हणाले, टीबीचा जंतू कधी तरी आत गेला, शरीराने त्याच्याभोवती पेशींची भिंत घातली आणि तो आत झोपलाय. ती भिंत उभी ठेवायला टीएनएफ लागतं. मी ते बंद केलं की भिंत ढासळते. टीएनएफ अडवणारी औषधं घेणाऱ्यांमध्ये झोपलेला टीबी जागा होतो, हे २००१ मध्येच लक्षात आलं होतं. मग सहा महिने आयसोनियाझिड ही टीबीची गोळी, सोबत बी-६ ची गोळी, मधूनमधून यकृताची तपासणी, आणि इंजेक्शन पहिला महिना उलटल्यावर. आता वाटतं, ते अडून बसले तेच बरं. तुम्हाला कुणी या तपासणीशिवाय हे इंजेक्शन देत असेल तर उठून या.

आता सिरिंज. ४० मिलिग्रॅम, दर चौदा दिवसांनी, कातडीखाली. आईने ठरवलं की एकादशीला घ्यायचं, म्हणजे विसरणार नाही. चार वेळा घेतलं, मग कळलं की एकादशी कधी चौदा दिवसांनी येते, कधी पंधरा, कधी सोळा. आता एक रविवार सोडून एक. फ्रिजमधून काढून अर्धा तास ओट्यावर ठेवतो, थंडगार टोचलं तर जास्त दुखतं. काचेतून बघायचं, पाणी स्वच्छ हवं, कण दिसला तर नको. हलवायचं नाही, ही सवय मोडायला मला वेळ लागला, आपण खोकल्याचं औषध हलवूनच घेतलेलं. मांडीची कातडी चिमटीत धरायची, सुई घालायची आणि दट्ट्या हळू दाबायचा. सुई कळत नाही. औषध आत जाताना मात्र दहा सेकंद मधमाशी बसून राहिल्यासारखं. काही कंपन्यांच्या औषधात सायट्रेट असतं, ते जळजळतं म्हणे. माझ्यात आहे. पिलबाग भाव दिला तो यामुळे, आणि दट्ट्याचं टोक एवढं बारीक आहे की क्रेट उचलून जाड झालेल्या अंगठ्याला ते सापडत नाही. पेनसारखं येतं ते घ्या, परवडत असेल तर. माहितीपत्रक इंग्रजीत आणि मुंगीच्या अक्षरात. औषध भारतात बनतं, मग चार ओळी मराठीत छापायला काय जातं?

आणि आता ते दुकान. पहिले दोन महिने मी नाशिकहून स्वतः थर्मासमध्ये आणायचो. मग एका ऑनलाइन दुकानाने स्वस्तात घरपोच देतो म्हटलं. गेल्या मेमध्ये दुपारी तीनला कुरिअरचा पोऱ्या आला. बाहेर ४५ अंश. खोकं हातात घेतलं तेव्हाच कळलं. आतली जेलची पिशवी पाण्यासारखी लुळी. माझ्याकडे केळीच्या गरात खुपसायचा थर्मामीटर असतो, चेंबरमधून बाहेर येतानाच खिशात होता. सिरिंजच्या डबीशेजारी टेकवला: ३१. पत्रकावर लिहिलंय २ ते ८. फोटो काढला, आकड्यासकट. दुकानातली मुलगी फोनवर म्हणते, "सर, खोलीच्या तापमानाला चालतं." कोणती खोली, बाई? काही कंपन्या पंचवीस अंशांपर्यंत ठराविक दिवस चालतं असं लिहितात, माझ्या पत्रकावर तेही नाही, आणि सावद्याला मेमध्ये पंचवीस अंशांची खोली फक्त माझं चेंबर. अकरा दिवस भांडून नवी सिरिंज आली. तोपर्यंत डोस चुकला होता आणि अठराव्या दिवशी पहाटे तीनला कंबरेने जुन्या ओळखीने हाक मारली.

थंडीच्या बाबतीत मीही एकदा शहाणपणा केला होता, तेही सांगतो. सुरुवातीला वाटलं, आपली कोल्ड रूम आहे, तिथेच ठेवू. ती १३ अंशांवर चालते, कारण त्याखाली केळीची साल काळवंडते. म्हणजे केळीला जे थंड, ते इंजेक्शनला उष्ण. आता घरच्या फ्रिजमध्ये मधल्या कप्प्यात. दारात नाही, मागच्या भिंतीला चिकटूनही नाही, तिथे गोठतं आणि गोठलेलं वायाच गेलं. वीज गेली की दार उघडायचं नाही, हा घरात कायदा आहे. पाहुण्यांना ताक मिळत नाही, त्याला इलाज नाही.

गुण कधी आला? पहिल्या इंजेक्शनने काहीच नाही. दुसऱ्यानंतर चौथ्या दिवशी मी वाकून खालचा क्रेट उचलला आणि आमचा हमाल ओरडला, "भो, तुम्ही तं वाकू र्‍हायले!" मला स्वतःला लक्षात आलं नव्हतं. सकाळचा दोन तासांचा ताठरपणा वीस मिनिटांवर आला. तीन महिन्यांनी सीआरपी ४. पहाटे तीनला आता फक्त ट्रक भरायचा असेल तरच उठतो.

त्रासही झाला. टोचलं तिथे रुपयाएवढं लाल होतं, दोन दिवस खाजतं. सर्दी इतरांपेक्षा लवकर पकडते. एकदा ताप आला तेव्हा डॉक्टरांना फोन केला, त्यांनी त्या वेळचा डोस पुढे ढकलला. जिवंत जंतूंच्या लसी आता चालत नाहीत. वापरलेल्या सुया जाड प्लास्टिकच्या बरणीत टाकतो आणि गावातल्या दवाखान्यात देतो, घंटागाडीत नाही.

हे औषध चालू आहे तोवरच आहे. ते टीएनएफला धरून ठेवतं, आजाराचं मूळ काढत नाही. आणि त्या सहा वर्षांच्या 'गॅप'मध्ये मानेचे जे मणके एकमेकांना चिकटले, ते चिकटलेच. मान मागे वळत नाही. गाडी रिव्हर्स घ्यायची असली की चेंबरच्या पोऱ्याला मागे उभा करतो, तो पत्र्यावर थाप मारत ओरडतो, "येऊ द्या, येऊ द्या, बस!"