विट्यात बनवून घेतलेला ट्रेव्हिस: खोंड गरीब का मारकं ते इथं कळतं

विट्यातल्या एका फॅब्रिकेशनवाल्याकडनं जीआय (गंज न चढणाऱ्या) पाईपचा ट्रेव्हिस, म्हणजे जनावर न पाडता उभंच धरायचा खोडा, बनवून घेतलाय, वीस हजाराच्या आसपास गेला. घेतला होता लाळ-खुरकूतची लस, कानातला बिल्ला आणि खुराला पत्री मारायला, कारण खिलार बैल पाडायचा म्हणजे बैलाला इजा व्हायची भीती आणि धरणाऱ्यालापण.

पण सगळ्यात जास्त कामाला येतोय तो खोंडाचा स्वभाव बघायला. बाजारात वेसण आवळून धरलेली असती, जनावर प्रवासानं दमलेलं, तिथं मारकंपण गरीब दिसतं. परदेशात मांसासाठी जनावरं पाळतात तिथं ती अशाच खोड्यात घालून १ ते ५ मार्क देतात, १ म्हणजे शांत उभं राहिलं, ५ म्हणजे नुसत्या उड्या, आणि सोडल्यावर चालत जातंय का उधळतंय तेपण बघतात, तापट जनावर वजन कमी धरतं म्हणून. मी हेच खिलारला लावतो, फक्त खिलार मुळातच तिखट, त्यामुळं फुरफुरलं, कान टवकारले म्हणून मार्क वाढवत नाही. पाठीवर हात ठेवल्यावर ढिलं पडतंय का ते बघायचं. पडत नसेल तर मी ते घेत नाही, कितीपण देखणं असूदे.

आपले जाणते कपाळावरचा भोवरा बघतात ना, जनावरांच्या वागण्याचा अभ्यास करणाऱ्या टेम्पल ग्रँडिनबाईंनी १९९५ ला अमेरिकेत तेच तपासलं, भोवरा डोळ्यांच्या वर असलेली जनावरं खोड्यात जास्त धडपडली. तेवढ्यावर सौदा मोडू नये, पण तसलं खोंड मी जरा जास्त वेळ आत ठेवतो.

वेल्डिंग एक नंबर, मागचा दांडा पुढंमागं सरकतो. खटकलं ते गेट, लोखंडावर लोखंड आपटतंय, त्या आवाजानं गरीब खोंडपण दचकतं मग काय अंदाज लागणार, जुन्या ट्यूबचे तुकडे गुंडाळल्यावर गप झालं. खाली रबर मॅट टाकाच, पाय घसरला की कुठलंपण जनावर बिथरतं. आणि आत घालताना पुढनं ओढू नका, खांद्याच्या मागं बाजूला उभं राहिलं की आपसूक पुढं सरकतं. बरोब्बर शेपटीमागं थांबू नका, तिथलं त्याला दिसत नाही.

ऑर्डर देताना शिंगांचं माप घेऊन जा, रेडीमेड माप बिनशिंगी नाहीतर आखूड शिंगांच्या गाईंचं असतं, त्यात खिलारचं डोकं अडकतं.