एनसीईआरटीची कार्यक्रम-व्यवस्था : नियोजन चोख, पाठपुरावा तोकडा

राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन आणि प्रशिक्षण परिषद, अर्थात एनसीईआरटी, बहुतेकांना ठाऊक आहे ती पाठ्यपुस्तकांमुळे. परंतु १ सप्टेंबर १९६१ पासून चालत आलेल्या या संस्थेचे मोठे काम पुस्तकांच्या पलीकडचे आहे. दरवर्षी ती संशोधन, साहित्यनिर्मिती, प्रशिक्षण आणि विस्तार असे कार्यक्रम हाती घेते आणि त्यांतले अनेक कार्यक्रम राज्य, जिल्हा, गटसाधन केंद्र असे टप्पे ओलांडत शेवटी शाळेच्या दारात येतात. हे कार्यक्रम ठरतात कसे आणि त्यांच्यावर देखरेख कशी राहते, या व्यवस्थेकडे मी येथे एक सार्वजनिक सेवा म्हणून पाहिले आहे. जिल्हा पातळीवर शिक्षक-प्रशिक्षणाचे काम अनेक वर्षे केल्यामुळे या सेवेच्या शेवटच्या टोकाला मी होतो. वरचे टोक मला समजले ते मुख्यतः परिषदेच्या वार्षिक अहवालांतून.

नियोजनाची बाजू पाहिली की समाधान वाटते. एखाद्या प्राध्यापकाला कार्यक्रम सुचला म्हणून तो लगेच सुरू होत नाही. त्याची गरज काय, उद्दिष्टे कोणती, काम कोणत्या टप्प्यांनी होणार आणि खर्च किती, हे मांडणारा प्रस्ताव आधी विभागीय सल्लागार मंडळापुढे जातो. अजमेर, भोपाळ, भुवनेश्वर, म्हैसूर आणि मेघालयातील उमियम येथील प्रादेशिक संस्थांची स्वतःची सल्लागार समिती असते. त्या चाळणीतून उतरलेले प्रस्ताव संचालकांच्या अध्यक्षतेखालील कार्यक्रम सल्लागार समितीकडे येतात आणि संस्थेच्या कारभाराची अंतिम सूत्रे केंद्रीय शिक्षणमंत्री पदसिद्ध अध्यक्ष असलेल्या कार्यकारी समितीकडे राहतात. संशोधन प्रकल्पांसाठी १९७४ पासून वेगळी समिती आहे, आणि बाहेरच्या विद्यापीठांतील व संस्थांमधील संशोधकांनाही तिच्याकडे अर्थसाहाय्य मागता येते. ही सगळी साखळी हलती ठेवण्याचे, प्रस्ताव मागवण्याचे, प्रगतीची माहिती गोळा करण्याचे आणि वार्षिक अहवाल सिद्ध करण्याचे काम नियोजन व संनियंत्रण विभाग करतो.

इतक्या चाळण्यांमुळे वेळ लागतो, ही तक्रार मी अनेकदा ऐकली आहे. मला ती पटत नाही. शिक्षकाला वर्गातून पाच दिवस उठवून आणायचे असेल, तर ते का आणायचे हा प्रश्न चार ठिकाणी विचारला गेलाच पाहिजे. कारण त्या पाच दिवसांत त्याचा वर्ग दुसऱ्या वर्गाला जोडून बसवलेला असतो.

राज्यांची गरज वर पोहोचवण्याचीही सोय आहे. महाराष्ट्र भोपाळच्या प्रादेशिक संस्थेच्या कक्षेत येतो; गोवा, गुजरात, मध्य प्रदेश आणि छत्तीसगडही त्याच कक्षेत आहेत. राज्याच्या अधिकाऱ्यांबरोबरच्या समन्वय बैठकांतून मागण्या नोंदवल्या जातात आणि त्यांवरून पुढच्या वर्षाचे प्रस्ताव तयार होतात. कल्पना उत्तम आहे. मात्र या बैठकीत राज्याच्या वतीने जे बोलले जाते, ते केंद्रप्रमुखांच्या शिक्षण परिषदेत, म्हणजे जवळपासच्या शाळांतील शिक्षकांच्या बैठकीत, शिक्षक जे बोलतात त्याच्याशी किती जुळते, यावर तिचे यश अवलंबून आहे. दोन इयत्तांचा वर्ग एकाच वेळी सांभाळणाऱ्या शिक्षकाची अडचण मंत्रालयापर्यंत जाता जाता ‘बहुवर्ग अध्यापन’ या दोन शब्दांपुरती उरते, आणि मग त्या दोन शब्दांवर प्रशिक्षण आखले जाते.

देखरेखीबाबत मात्र माझे मत इतके अनुकूल नाही. वार्षिक अहवाल संसदेपुढे ठेवला जातो, हिशेबांचे लेखापरीक्षण होते आणि अहवाल कोणालाही विनामूल्य वाचता येतो. हा पारदर्शकपणा मोलाचा आहे आणि प्रत्येक डाएटमध्ये, म्हणजे जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेत, हा अहवाल वाचला जावा असे मला मनापासून वाटते. पण तो वाचताना एक गोष्ट सतत जाणवते. कार्यशाळा झाली, साहित्य तयार झाले, इतके शिक्षक प्रशिक्षित झाले, इथे बहुतेक नोंदी थांबतात. त्या साहित्याचे वर्षभराने काय झाले, हे त्याच शीर्षकाखाली क्वचितच सापडते. कार्यक्रम ‘पूर्ण’ झाला याचा अर्थ या व्यवस्थेत तो पार पडला, एवढाच आहे.

‘निष्ठा’ या शिक्षक-प्रशिक्षण कार्यक्रमाकडे पाहिले की हा मुद्दा अधिक स्पष्ट होतो. २१ ऑगस्ट २०१९ रोजी सुरू झालेल्या या उपक्रमात प्राथमिक स्तरावरील सुमारे ४२ लाख शिक्षक व मुख्याध्यापकांपर्यंत पोहोचण्याचे उद्दिष्ट होते. करोनाच्या काळात, ऑक्टोबर २०२० पासून, तो ‘दीक्षा’ या सरकारी ऑनलाइन मंचावर १८ घटकसंचांच्या (मॉड्यूल) रूपात आला. इतक्या मोठ्या संख्येला इतक्या कमी काळात एकाच आशयापर्यंत नेणे ही साधी गोष्ट नव्हे आणि त्यासाठी झटलेल्यांचे कष्ट मी जवळून पाहिले आहेत. परंतु ऑनलाइन व्यवस्थेत सर्वांत सहज मोजता येते ती घटकसंच पूर्ण केल्याची नोंद, आणि जे सहज मोजता येते त्याचीच आकडेवारी आढाव्याच्या बैठकीत मागितली जाते. जिल्ह्याचे टक्के किती, तालुका मागे का, प्रमाणपत्रे किती निघाली, या प्रश्नांत सगळी बैठक संपते.

वर्गात प्रत्यक्ष डोकावणारे एक साधन परिषदेकडे आहे, ते म्हणजे विद्यार्थी किती शिकले हे तपासणारे राष्ट्रीय संपादणूक सर्वेक्षण. २०२१ मध्ये ते तिसरी, पाचवी, आठवी आणि दहावीसाठी झाले. ४ डिसेंबर २०२४ रोजी ते ‘परख राष्ट्रीय सर्वेक्षण’ या नावाने तिसरी, सहावी आणि नववीसाठी झाले, आणि त्यात ७८१ जिल्ह्यांतील ७४,२२९ शाळांमधले २१ लाखांहून अधिक विद्यार्थी सहभागी होते. तिसरीच्या सुमारे ५५ टक्के मुलांनाच ९९ पर्यंतच्या संख्या चढत्या-उतरत्या क्रमाने लावता आल्या, हा त्यातला निष्कर्ष कोणत्याही शिक्षकाला अस्वस्थ करील. जिल्हावार निष्कर्ष मिळतात, ही या सर्वेक्षणाची सर्वांत उपयोगी बाजू. माझी अपेक्षा एवढीच आहे की गणिताच्या प्रत्येक नव्या प्रस्तावाच्या पहिल्या पानावर तो कार्यक्रम यांपैकी कोणती क्षमता आणि कोणत्या जिल्ह्यांत सुधारण्यासाठी आहे, हे लिहिणे सक्तीचे असावे. तसे झाले, तर चाळण्यांचा उपयोग आजच्यापेक्षा कितीतरी वाढेल, आणि पुढच्या सर्वेक्षणाच्या वेळी त्या कार्यक्रमाला जाबही विचारता येईल.

भाषेबद्दल थोडेसे. वार्षिक अहवाल हिंदी आणि इंग्रजीत असतो. निदान प्रत्येक राज्याशी संबंधित कार्यक्रमांची चार पाने त्या राज्याच्या भाषेत निघाली, तर केंद्रशाळेतला शिक्षकही ती वाचील.

पाठपुरावा खर्चिक असतो असे नेहमी सांगितले जाते. एका शासकीय प्रशिक्षणाच्या शेवटच्या दिवशी मी पाहिले होते की अभिप्राय पत्रक आणि प्रवासभत्त्याचा अर्ज एकत्र वाटले गेले; साडेचारच्या एसटीची घाई होती आणि सर्वांनी ‘अतिशय उपयुक्त’ या चौकटीवर खूण करून दोन्ही कागद एकदमच परत दिले. पुढे ती पत्रके मोजून अहवालात प्रशिक्षण यशस्वी ठरले. सहा महिन्यांनी मी आणि एक सहकारी त्या प्रशिक्षणाला आलेल्या चार शिक्षकांच्या शाळांत एका दिवसात जाऊन आलो. खर्च दुचाकीच्या पेट्रोलचा. दोन शाळांत अपूर्णांकांच्या रंगीत पट्ट्या कपाटावर, दोरीने बांधलेल्या तशाच होत्या. तिसऱ्या शाळेतल्या शिक्षकांची बदली झाली होती. चौथ्या शाळेत पट्ट्यांच्या कडा मुलांच्या हाताने मळून मऊ झाल्या होत्या आणि एक छेद-चारची पट्टी हरवली म्हणून बाईंनी लग्नपत्रिका कापून नवी केली होती. निघताना त्या म्हणाल्या, “सर, प्रशिक्षणानंतर कोणी बघायला आलं, असं पहिल्यांदाच झालं. आता आलाच आहात तर सांगा, तीन-पंचमांश आणि दोन-तृतीयांश या पट्ट्यांवर मुलांना कसं दाखवू? तिथेच माझं अडतं.” पुढचा पाऊण तास आम्ही तिघे जमिनीवर बसून पट्ट्याच लावत होतो.