खुडूक कोंबडी आणि शांत कोंबडी: सहा जातींसोबतचे अठरा महिने

परसातला कळप उबवणी यंत्राशिवाय आपला आपण वाढावा आणि त्या कोंबड्यांमध्ये लहान मुलाला निर्धास्तपणे सोडता यावे, अशा दोन अपेक्षा धरून अठरा महिन्यांपूर्वी मी साधारण चार महिन्यांच्या बारा पक्ष्यांपासून सुरुवात केली. त्यांत तीन सिल्की, दोन पिवळ्या ऑर्पिंग्टन, दोन ऱ्होड आयलंड रेड व त्याच जातीचा एक कोंबडा, दोन पांढऱ्या लेगहॉर्न, एक कोचीन आणि एक असील होती. जातींच्या वर्णनांत ‘खुडूक बसते’ (म्हणजे अंडी देणे थांबवून ती उबवायला बसते) आणि ‘स्वभावाने शांत’ हे दोन शेरे बहुधा शेजारीशेजारी आढळतात, त्यामुळे हा एकच गुण असावा असे मी समजत होते. अठरा महिन्यांत हा समज पुरता मोडला.

सिल्कीपासून सुरुवात करणे भाग आहे, कारण खुडूक कोंबडी म्हटले की पहिले नाव तिचेच घेतले जाते. तिघींपैकी एक सहाव्या महिन्याच्या सुमारास आरवू लागली, म्हणजे ती कोंबडा निघाली. या जातीत नर आणि मादी लहानपणी ओळखणे अवघडच असते, तेव्हा घेतानाच ही शक्यता गृहीत धरलेली बरी. उरलेल्या दोघींपैकी मोठी आठव्या महिन्यात अंडी देऊ लागली आणि जेमतेम अठरा अंडी देऊन खुडूक झाली. तिने पिसे फुगवली, हात जवळ नेताच घशातून कुरकुर सुरू केली, आणि पोटाखालची पिसे गळून उघडी पडलेली कातडी दिसू लागली. खरी खुडूक आहे की नुसती रेंगाळते आहे हे पाहण्यासाठी मी तिच्याखाली तीन दिवस लाकडी अंडी ठेवली. चौथ्या रात्री अंधार पडल्यावर तिला वेगळ्या, शांत जागी हलवून सात फलित अंडी दिली. दिवसातून एकदा वीस मिनिटांसाठी उठणे, खाणे, पाणी पिणे, एकच भलीमोठी दुर्गंधीयुक्त विष्ठा टाकणे आणि परत जाऊन बसणे हा क्रम तिने एकवीस दिवस चुकवला नाही. सात अंड्यांतून पाच पिल्ले निघाली. तेव्हापासून आजपर्यंत या दोघी प्रत्येकी चार वेळा खुडूक झाल्या आहेत.

हीच सिल्कीची अडचणही आहे. पिल्ले नको असतात तेव्हाही ती बसते, आणि बसली की अंडी थांबतात. उबवणीचे तीन आठवडे आणि पिल्ले सांभाळण्याचे सहा ते आठ आठवडे धरले, तर एका खेपेला अडीच महिने तिच्याकडून अंड्याची आशा ठेवता येत नाही. अवेळी बसलेल्या कोंबडीला मी जाळीच्या तळाच्या, जमिनीपासून उंच ठेवलेल्या पिंजऱ्यात ठेवते. त्यात गवत किंवा भुसा काहीही नसतो, फक्त खाद्य आणि पाणी असते. पोटाला खालून सतत वारा लागला की तीन ते चार दिवसांत खुडूकपणा उतरतो. थंड पाण्यात बुडवण्याचा जो उपाय सांगितला जातो, तो मी एकदाच केला आणि पुन्हा करणार नाही. सिल्कीच्या पिसांचे तंतू एकमेकांत अडकलेले नसल्याने पाणी निथळत नाही, आणि ती दिवसभर कुडकुडत राहिली.

सिल्की माणसांत शांत असते हे खरे, परंतु कळपात तीच शांतता तिच्या जिवावर येते. डोक्यावरच्या झुपक्यामुळे तिला वरचे आणि बाजूचे नीट दिसत नाही, ती दचकते, मार खाते आणि उलट मारत नाही. दोन ऱ्होड आयलंड रेडपैकी एकीने धाकट्या सिल्कीचा झुपका इतका उपटला की तिला तीन आठवडे वेगळे ठेवावे लागले. आता मी झुपक्याची पिसे डोळ्यांपुरती कातरते आणि त्यांच्यासाठी वेगळे पाणी व खाद्य ठेवते. जातीचा स्वभाव लिहिताना तो माणसाशी कसा आणि इतर कोंबड्यांशी कसा, असे दोन वेगळे शेरे असायला हवेत. ऱ्होड आयलंड रेड माझ्या पायात घुटमळते, हातातून दाणे खाते आणि मुलाने उचलले तरी ओरडत नाही. खुराड्यात मात्र तीच दांडगाई करते. अंड्यांच्या बाबतीत तिच्याबद्दल तक्रार करण्यासारखे काही नाही, आणि दोघींपैकी एकही अद्याप खुडूक बसलेली नाही.

तिच्या जातीच्या कोंबड्याचे प्रकरण लवकर संपवते. पाचव्या महिन्यापासून तो पाठीमागून धावून येऊ लागला, आणि एकदा त्याने पायाच्या काट्याने पोटरी फाडली. मी त्याला कळपातून काढले. कोंबडीच्या शरीरात कोंबड्याचे बीज दोन ते तीन आठवडे टिकत असल्याने, पिल्ले कोणाची हे नक्की असावे म्हणून पुढचे तीन आठवडे मी उबवणीसाठी एकही अंडे बाजूला काढले नाही. त्यानंतर कळपाचा कोंबडा म्हणून तो आरवणारा सिल्कीच राहिला.

लेगहॉर्न खुडूक बसत नाही हे अगोदरच ठाऊक होते, आणि तसेच झाले. त्यामागचे कारण मात्र समजून घेण्यासारखे आहे. कोंबडी अंड्यांवर बसू लागली की तिच्या शरीरात प्रोलॅक्टिन हे संप्रेरक वाढते आणि अंडाशयाचे काम थांबते. जास्त अंड्यांसाठी निवड करणाऱ्यांना बसणारी कोंबडी तोट्याची, त्यामुळे पिढ्यानपिढ्या अशा कोंबड्या वगळल्या गेल्या आणि त्यांच्याबरोबर बसण्याची ओढही गेली. माझ्या दोघी वर्षभर जवळजवळ रोज पांढरे अंडे देत आल्या आहेत. त्या बुजऱ्या असतात, हातात येत नाहीत आणि सहा फुटांच्या जाळीवरून सहज उडतात, पण घार दिसली की पहिली आरोळी त्यांचीच असते. भित्रेपणाला मी आधी दोष मानत होते, आता तो कळपाच्या कामाचा वाटतो.

माझी सर्वांत मोठी चूक ऑर्पिंग्टनच्या बाबतीत झाली. ही जात विल्यम कुक यांनी १८८६ मध्ये इंग्लंडमधल्या केंट परगण्यात तयार केली. मांस आणि अंडी या दोन्हींसाठी उपयोगी आणि शांत, भरदार, बसणारी कोंबडी म्हणून तिची ख्याती आहे. माझ्या दोघी दोन वेगळ्या ठिकाणांहून आल्या होत्या आणि दिसायला इतक्या सारख्या की पायात कडी घालूनच ओळखाव्या लागत. एक दहाव्या महिन्यात खुडूक झाली. दुसरीने आजपर्यंत बसण्याचा विचारही केलेला दिसत नाही. चौकशी केल्यावर कळले की दुसरीची वंशरेषा अनेक पिढ्या अंड्यांच्या संख्येवर निवडलेली होती. म्हणजे जातीचे नाव एकच, पण निवड वेगळी, आणि बसण्याचा गुण त्या निवडीबरोबर बदललेला. तेव्हापासून कोणी पिल्ले देऊ केली, तर मी जात विचारण्याआधी त्यांची आई बसली होती का आणि तिने पिल्ले वाढवली का, हे विचारते. उत्तर देणाऱ्याने त्या आईला स्वतः पाहिलेले नसेल, तर जातीच्या नावावर मी फारसा भरवसा ठेवत नाही.

बसलेल्या ऑर्पिंग्टनचाही पहिला प्रयत्न फसला. बाराव्या दिवशी ती उठली ती परत गेलीच नाही. पेटीच्या फटींत रात्री बाहेर येणाऱ्या तांबड्या माइट सापडल्या, तेव्हा दोष तिचा की त्या किड्यांचा हे मला आजही ठामपणे सांगता येणार नाही. अंडी अजून कोमट होती. त्या वेळी धाकटी सिल्की लाकडी अंड्यांवर बसलेली होती, तिच्याखाली मी ती रात्री सरकवली. नऊपैकी चारांतून पिल्ले निघाली. तेव्हापासून कोणालाही बसवण्यापूर्वी पेटी रिकामी करून धुते, उन्हात वाळवते आणि शेजारी धुळीत लोळायला कोरडी माती ठेवते. दुसऱ्या खेपेला त्याच ऑर्पिंग्टनने दहापैकी आठ पिल्ले काढली आणि अतिशय शांतपणे वाढवली. मुलाने पिल्लू उचलले तरी ती केवळ मान वर करून पाहत असे. ‘शांत’ आणि ‘खुडूक’ हे दोन्ही शेरे एकाच कोंबडीत खरे ठरल्याचे माझ्याकडचे हे एक उदाहरण आहे.

कोचीनबद्दल थोडक्यात लिहिते. नाव ऐकून गैरसमज होतो, परंतु ही जात चीनमधून १८४० च्या दशकात युरोपात पोहोचली. ती माझ्याकडची सर्वांत गरीब कोंबडी आहे आणि बसते तर इतकी निष्ठेने की खाण्यासाठी तिला उचलून बाहेर ठेवावे लागते. मात्र साडेतीन किलोंचे वजन आणि पायांवरची पिसे यांमुळे तिने दोन अंडी फोडली आणि नुकतेच निघालेले एक पिल्लू तिच्या पायाखाली गेले. तिला उंच पेटीऐवजी जमिनीवर, सपाट आणि रुंद जागी बसवल्यापासून हा प्रकार थांबला आहे. पावसाच्या दिवसांत तिच्या पायांच्या पिसांना चिखलाचे गोळे लागतात आणि ते अंड्यांवर जातात, हे वेगळेच.

आता असील. लढाऊ जात म्हणून मी तिला घेताना कचरले होते, आणि दोन असील माद्या एकत्र ठेवू नयेत हे मला आधीच बजावले गेले होते. माणसाशी ती सर्वांत विश्वासू निघाली. पाठीवरून हात फिरवला तर स्थिर उभी राहते, बसलेली असताना खालची अंडी काढून विजेरीवर तपासली तरी चोच मारत नाही. वर्षाला अंडी अगदी थोडी देते, परंतु जी देते त्यांवर बसतेच. पिल्ले निघाल्यानंतर मात्र तिचे रूप पालटले. कुंपणावर आलेल्या मांजराच्या तोंडावर तिने झेप घेतली, दांडगट ऱ्होड आयलंड रेडला कोपऱ्यात कोंडले, आणि पहिले दहा दिवस मला स्वतःला जाड हातमोजा घातल्याशिवाय पिल्लांना पाणी ठेवता आले नाही. तिच्या सातही पिल्लांपैकी एकही दगावले नाही. सौम्य सिल्कीच्या पहिल्या पाचांपैकी दोन गेली, त्यांतले एक कावळ्याने तिच्यादेखत नेले. उत्तम आई हवी असेल, तर काही आठवडे तिच्यापासून मुलांना दूर ठेवण्याची तयारी हवी, हे या एका तुलनेने मला शिकवले.

सर्व जातींना लागू पडलेल्या काही गोष्टी येथेच नोंदवते. बसलेल्या कोंबडीच्या पेटीत इतर कोंबड्या अंडी घालतात, त्यामुळे बसवलेल्या अंड्यांवर पेन्सिलने खूण करावी आणि बिनखुणेची रोज काढावीत, नाहीतर वेगवेगळ्या वयांची अंडी एकत्र होतात आणि आई पहिल्या पिल्लांबरोबर उठून जाते. अठराव्या दिवसानंतर अंडी हाताळू नयेत. पहिले पिल्लू निघाले की खाद्याची घाई करू नये, कारण पोटात ओढून घेतलेल्या बलकावर ते दोन दिवस सहज राहते आणि तेवढ्यात मागची अंडी फुटतात. आई आणि पिल्ले एकत्र खात असतील, तर दोघांनाही पिल्लांचेच खाद्य द्यावे. अंडी देणाऱ्या कोंबड्यांच्या खाद्यातले जादा कॅल्शियम पिल्लांच्या मूत्रपिंडांना बाधते.

कळपात आता माझे सर्वाधिक लक्ष ज्यांच्याकडे आहे, त्या कोणत्याही जातीच्या नाहीत. सिल्की कोंबडा आणि ऱ्होड आयलंड रेड यांच्या अंड्यांतून पहिल्या खेपेला निघालेल्या दोन तलंगा आज अकरा महिन्यांच्या आहेत. रेशमी पिसे दबून राहणारा गुण असल्याने त्यांची पिसे साधी आहेत आणि पावसात भिजत नाहीत, पायांना मात्र सिल्कीप्रमाणे पाच बोटे आहेत. झुपका बेताचा असल्याने त्यांना नीट दिसते, आणि आईच्या जातीची दांडगाई त्यांच्यात मला अजून आढळलेली नाही. त्यांपैकी एक गेले पाच दिवस पेटीतून उठलेली नाही आणि हात नेला की कुरकुरते. काल रात्री तिच्याखाली मी नऊ अंडी ठेवली आहेत, त्यांतली चार असीलची आहेत.