जिल्हा बाल संरक्षण कक्षाची दत्तक सेवा : कापूसपट्ट्यातील एका जोडप्याचा अनुभव

आमच्या गावात दत्तक म्हटले की आजही भावकीतले मूल ओटीत घालणे एवढाच अर्थ घेतला जातो, त्यामुळे ‘कारा’च्या, म्हणजे केंद्र सरकारच्या दत्तक प्राधिकरणाच्या, संकेतस्थळावर नोंदणी करावी लागते हे आम्हांला अंगणवाडी सेविकेकडून कळले. जिल्ह्याच्या कक्षात पहिल्या भेटीत संगोपन आणि दत्तक यांतला फरक कोणीही समजावून सांगितला नाही. संगोपनात मूल बाल कल्याण समितीच्या देखरेखीखाली काही काळ आपल्या घरी राहते, दत्तकात ते कायमचे आपले होते. नेमके हेच न कळल्यामुळे आमच्या एसटीच्या दोन फेऱ्या वाया गेल्या, त्याही ऐन वेचणीत.

गृहभेटीला आलेल्या समाजसेविका मात्र उत्तम होत्या. सातबारा त्यांनी वरवर चाळला, पण शाळा किती दूर आहे आणि आमच्या आईला हे मान्य आहे का, हे त्यांनी ओसरीवर बसून सविस्तर विचारले.

खरी अडचण प्रतीक्षेनंतरची आहे. मुलाची माहिती संकेतस्थळावर आल्यावर ४८ तासांत पसंती नोंदवावी लागते, आणि आमच्या शेतात रेंज नाही! सेवा केंद्रचालकाच्या तत्परतेमुळेच आमची संधी हुकली नाही. सप्टेंबर २०२२ पासून दत्तक आदेश न्यायालयाऐवजी जिल्हाधिकारी देतात, त्यामुळे वकील शोधावा लागला नाही. आता दोन वर्षे दर सहा महिन्यांनी पाठपुरावा होणार आहे. पहिल्या भेटीला त्याच समाजसेविका आल्या आणि मुलगी त्यांना पाहून चुलीमागे लपली.