पहिल्या लेव्हलपासून चढायचं, की थेट पंधराव्यावर?
बेळगावच्या टिळकवाडीतल्या आमच्या रविवारच्या टेबलावर 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' या पात्रं रंगवून खेळायच्या खेळाचे दोन्ही प्रकार खेळून झालेत. पहिल्या लेव्हलपासून चढलं की पात्र अंगवळणी पडतं. पण शेवटची, विसावी लेव्हल गाठेपर्यंत कुणाची पुण्याला बदली होते, कुणाचं लग्न ठरतं. थेट पंधराव्यावर बसलं तर मजा लगेच, गोंधळही लगेच. विझार्डला, म्हणजे जादूगाराला, तेराव्यालाच टेलिपोर्ट हा क्षणात दूर पोचवणारा मंत्र मिळतो. खानापूरच्या जंगलासारखं रान मी तीन रात्री जागून आखलं, गड्यांनी एका मंत्रात ओलांडलं! सतराव्याला 'विश' हा मागेल ते देणारा मंत्र आला की डीएमनं, म्हणजे माझ्यासारख्या खेळ चालवणाऱ्यानं, वही मिटावीच. शिवाय लढाईची एकेक फेरी तासभर. तेवढ्यात कुंद्याचा डबा रिकामा. माझं मत चढण्याकडेच, फक्त पाचव्यापासून: तिथं फायटरला, म्हणजे लढवय्याला, एका पाळीत दुसरा वार मिळतो, विझार्डला फायरबॉल हा आगीच्या गोळ्याचा मंत्र.