कॅल्शियमसोबत मॅग्नेशियम: साधी गोळी, एकत्र गोळी की भाकरी आणि तीळ?

पन्नाशीच्या आसपास डॉक्टरांनी कॅल्शियम सुरू करायला सांगितलं की मेडिकलमध्ये दोन तऱ्हेच्या स्ट्रिप समोर येतात. एकीत कॅल्शियम आणि डी3 (ड जीवनसत्त्व), दुसरीत त्यांच्या जोडीला मॅग्नेशियम आणि झिंक. तिसरा पर्याय म्हणजे कॅल्शियमची गोळी साधीच घ्यायची आणि मॅग्नेशियम जेवणातून.

निवड करण्याआधी मॅग्नेशियम नेमकं कुठे लागतं ते बघू. आतड्यातून कॅल्शियम ओढून घेण्याचं काम मुख्यतः सक्रिय ड जीवनसत्त्वावर चालतं. उन्हातून किंवा सॅशेतून मिळालेलं डी3 आधी यकृतात आणि मग मूत्रपिंडात बदलतं, तेव्हा ते कामाचं होतं. हे दोन्ही बदल करणाऱ्या एन्झाइमना मॅग्नेशियम लागतं. दुसरी गोष्ट मानेतल्या पॅराथायरॉइड ग्रंथींची. रक्तातलं कॅल्शियम उतरलं की या ग्रंथी पीटीएच नावाचं संप्रेरक सोडतात. मॅग्नेशियम फारच खाली गेलं तर पीटीएच नीट सुटत नाही, आणि जेवढं सुटतं त्याला हाडं दाद देत नाहीत. अशा रुग्णाला कॅल्शियम कितीही दिलं तरी रिपोर्टमधला आकडा टिकत नाही. आधी मॅग्नेशियम भरून काढावं लागतं.

पण हे तीव्र कमतरतेत. मॅग्नेशियम पुरेसं असताना वरून आणखी घेतल्याने कॅल्शियम जास्त शोषलं जातं, याला भक्कम आधार नाही. ‘कॅल्शियम दोन भाग, मॅग्नेशियम एक भाग’ हे जाहिरातीतलं प्रमाणही तसंच. त्यावर पैसे घालवू नका.

साधी गोळी. कॅल्शियम कार्बोनेट 1250 मिग्रॅ म्हणजे प्रत्यक्ष कॅल्शियम 500 मिग्रॅ. ती जेवणासोबतच घ्यायची, कारण तिला पोटातलं आम्ल लागतं. एका वेळी 500 मिग्रॅच्या वर गेलात तर शोषणाचं प्रमाण घटतं. रोज सकाळी पॅन्टोप्राझोल (आम्ल कमी करणारी गोळी) घेणाऱ्यांना कॅल्शियम सायट्रेट बरं, ते आम्लावर अवलंबून नसतं. मात्र 1000 मिग्रॅ सायट्रेटमधून कॅल्शियम मिळतं जेमतेम 210 मिग्रॅ.

एकत्र गोळी. हिची स्ट्रिप उलटून बारीक अक्षरं वाचा. ‘मॅग्नेशियम ऑक्साइड इतके मिग्रॅ’ आणि ‘एलिमेंटल (म्हणजे प्रत्यक्ष) मॅग्नेशियम इतके मिग्रॅ’ हे वेगळे आकडे आहेत. ऑक्साइडमध्ये मॅग्नेशियम 60 टक्के, पण अंगी लागतं फार थोडं. उरलेलं आतड्यात पाणी ओढतं आणि जुलाब होतात. बायकांची रोजची गरज 300 ते 370 मिग्रॅ आणि पुरुषांची 400 ते 440. एलिमेंटल आकडा त्याशेजारी ठेवून बघा. बऱ्याचदा तो किरकोळ निघतो. खरोखर कमतरता असेल तर या गोळीपेक्षा मॅग्नेशियम सायट्रेट किंवा ग्लायसिनेट वेगळं घेतलेलं चांगलं: कॅल्शियम दुपारच्या जेवणात, मॅग्नेशियम रात्री. मोठ्या मात्रेतलं कॅल्शियम मॅग्नेशियमच्या शोषणात थोडा अडथळा आणतं, तोही असा टळतो.

जेवण. बहुतेकांसाठी आमचं मत याच बाजूने. ज्वारी-बाजरीच्या पिठात 100 ग्रॅममागे साधारण 125 ते 130 मिग्रॅ मॅग्नेशियम असतं. प्रत्येकी 50 ग्रॅम पिठाच्या दोन भाकऱ्या म्हणजे तेवढंच. त्यात 30 ग्रॅम शेंगदाण्यांचे 50, मोड आलेल्या मुगाच्या उसळीचे 50 आणि 10 ग्रॅम तिळाच्या चटणीचे 35 धरा: 260 झाले, आणि भाज्या अजून मोजल्याच नाहीत. न सोललेल्या तिळात कॅल्शियमही भरपूर, पण सालीतल्या ऑक्झलेटमुळे ते सगळं मिळत नाही. पालकाचं तेच. नाचणीत 100 ग्रॅममागे कॅल्शियम 350 मिग्रॅच्या आसपास आणि मॅग्नेशियम 140 च्या. धान्यातल्या फायटेट या घटकामुळे शोषण अडतं, म्हणून पीठ आंबवून आंबील किंवा मोड आणून सत्त्व केलेलं जास्त लागू पडतं. याउलट ज्यांच्या ताटात मैदा आणि पांढरा भातच असतो, त्यांना मॅग्नेशियम कमी पडतं, कारण ते कोंड्याबरोबर निघून गेलेलं असतं. दुधावर विसंबू नका: गाईच्या दुधाच्या पेल्यात कॅल्शियम सुमारे 240 मिग्रॅ, मॅग्नेशियम फक्त 20 च्या घरात.

गोळीचा विचार खरोखर कुणी करावा? वर्षाहून जास्त काळ आम्ल कमी करणारी औषधं घेणाऱ्यांनी (अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने 2011 मध्ये याबद्दल इशारा दिला होता), लघवी वाढवणाऱ्या काही गोळ्या चालू असणाऱ्यांनी, जुनाट जुलाब किंवा अनियंत्रित मधुमेह असणाऱ्यांनी आणि रोज दारू घेणाऱ्यांनी. रक्ततपासणी करा, पण शरीरातल्या मॅग्नेशियमचा एक टक्काही रक्तात नसतो. ‘नॉर्मल’ रिपोर्टने कमतरता पूर्ण नाकारता येत नाही.

मूत्रपिंडाचा आजार असेल तर मॅग्नेशियम डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊच नका, ते बाहेर न पडता साठत जातं. इतरांनीही गोळीतलं मॅग्नेशियम दिवसाला 350 मिग्रॅच्या आत ठेवावं. थायरॉइडची गोळी आणि यातली कुठलीही गोळी यांत चार तासांचं अंतर हवं. सिप्रोफ्लॉक्सासिन किंवा डॉक्सीसायक्लिन हे अँटिबायोटिक चालू असेल तर ते आधी घ्या आणि कॅल्शियम-मॅग्नेशियम निदान दोन तासांनी.